एकट्याचे ताट : खाणावळीच्या इतिहासाची एक बाजू

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव हे तालुक्याचे गाव नागपूरहून यवतमाळ, नांदेडमार्गे तुळजापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, आर्णी आणि उमरखेड यांच्या दरम्यान वसले आहे. अशा गावातल्या खाणावळीत दुपारी एकच्या सुमारास कोण जेवत असते, याची मनाशी यादी करून पाहावी. फेरफाराच्या किंवा मोजणीच्या कामासाठी तहसील कचेरीत आलेला शेतकरी, बदली होऊन आलेला आणि बिऱ्हाड मागेच ठेवलेला शिक्षक, औषध कंपनीचा प्रतिनिधी, मालमोटारीचा चालक, खोली घेऊन शिकणारा विद्यार्थी, माहूरच्या वाटेवरचा एखादा भाविक. या मंडळींचे उत्पन्न, वय, शिक्षण यांत साम्य नाही. साम्य आहे ते एवढेच की त्या वेळी ती एकेकटी जेवत आहेत आणि तू कोण, कोणाचा, एकटा का, असे त्यांना तेथे कोणी विचारत नाही.

ही गोष्ट आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की तिला इतिहास असेल असे मनातही येत नाही. पण हे 'न विचारणे' आपल्या समाजात फार उशिरा आले, सर्वांच्या वाट्याला एकाच वेळी आले नाही आणि काहींच्या वाट्याला अजूनही पुरते आलेले नाही. खाणावळीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातला बराच भाग चवीच्या आठवणींचा, मालकाच्या विक्षिप्तपणाचा आणि भिंतीवरच्या पाट्यांचा आहे. ते लेखन वाचनीय असते यात शंका नाही. येथे मात्र खाणावळीकडे एका वेगळ्या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहायचे आहे: मराठी माणसाला परक्या ठिकाणी, पैसे देऊन, एकट्याने जेवण्याचा हक्क कसा मिळाला?

आरंभ शब्दापासूनच करता येईल. मराठीत 'जेवणावळ' आणि 'खाणावळ' हे एकाच घडणीचे वाटणारे दोन शब्द आहेत आणि त्यांच्या अर्थांत एक जग मावेल एवढे अंतर आहे. जेवणावळीला आमंत्रण लागते. तेथे यजमान असतो, पंगत असते, पंगतीत कोणी कोठे बसायचे हे ठरलेले असते. खाणावळीला आमंत्रण लागत नाही. 'शिवणावळ', 'धुणावळ', 'दळणावळ' हे शब्द जसे कामाच्या मोबदल्याचे आहेत, तशी खाणावळही मोबदल्याच्या व्यवहारातली आहे. आज फारसीतल्या 'खाना'च्या ओढीने आपण बहुधा 'खानावळ' असे लिहितो आणि त्या शब्दाचे 'धुणावळी'शी असलेले नाते डोळ्यांआड होते. जेवणावळीत माणूस नात्याने जेवतो, खाणावळीत दामाने. पैशाने नाती कोरडी होतात अशी तक्रार आपण नेहमी करतो. अन्नाच्या बाबतीत या कोरडेपणानेच काही माणसांना पहिल्यांदा सन्मानाने जेवता आले, ही बाजू क्वचितच मांडली जाते.

एकट्याने खाण्याविषयी आपल्या परंपरेचे मत चांगले नाही. ऋग्वेदातील दानसूक्त एकट्याने खाणाऱ्याला दोषी ठरवते, आणि गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही केवळ स्वतःपुरते रांधणाऱ्याला पापी म्हटले आहे. या वचनांमागचा हेतू उदात्तच आहे. अन्न वाटून खावे हे सांगण्यासाठी ती आली आहेत. परंतु वाटून खायचे तर कोणाबरोबर, हे प्रत्यक्षात जातीने ठरवले. रोटीव्यवहार हा शब्द बेटीव्यवहाराच्या जोडीने यावा, यातच सारे आले. परगावी गेलेल्या माणसापुढे त्यामुळे दोनच मार्ग उरत: जातीतले घर शोधणे, किंवा शिधा घेऊन स्वतः तीन दगडांची चूल मांडणे. विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात केलेल्या प्रवासाचा 'माझा प्रवास' हा वृत्तांत १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केला. इतिहासाचा किंवा वाङ्मयाचा विद्यार्थी तो झाशीच्या राणीसाठी वाचतो. पण बंडाच्या त्या गदारोळातही स्नान, स्वयंपाक आणि सोवळे यांची सोय लावणे हे त्या भिक्षुकाचे रोजचे काम कसे होते, हे पाहण्यासाठीही तो वाचण्याजोगा आहे. भूक लागली म्हणून रस्त्यावर पैसे टाकून जेवावे, ही कल्पना त्या जगात बसत नव्हती.

शिकायला शहरात आलेल्या गरीब ब्राह्मण मुलांसाठी पुण्यात वार लावून जेवण्याची आणि माधुकरीची पद्धत होती. आठवड्याचे सात वार, सात घरे. या पद्धतीने अनेक पिढ्यांना शिक्षण दिले हे खरे आणि तिचे ऋण मानणारे आत्मचरित्रकारही कमी नाहीत. तरी वाराचे जेवण हे उपकाराचे जेवण होते. त्याची वेळ घरमालकाच्या सोयीची, पदार्थ त्याच्या मर्जीचे आणि पात्रता जातीची. तेथे मुलगा एकटा जेवत असला तरी त्याची चौकशी आधीच पुरी झालेली असे. ज्यांची जात त्या घरांच्या उंबऱ्याआत येऊ शकत नव्हती, त्यांच्यासाठी वारही नव्हता आणि माधुकरीही.

बाहेर काही तोंडात घालणे केवढे गंभीर होते, याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण १८९० सालचे आहे. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांत टिळक होते, रानडे होते. काहींनी चहा घेतला, काहींनी घेतला नाही. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून उघड केली. प्रकरण ग्रामण्यापर्यंत आणि शंकराचार्यांच्या दरबारापर्यंत गेले. सुधारकांचे अग्रणी असलेल्या रानड्यांनीही अखेर १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, आणि त्यावरून सुधारकांतच मोठी खळबळ झाली. एक पेला चहा दोन वर्षे पुरला, असे आज गमतीने म्हणता येते. ज्यांच्या घरची लग्ने आणि श्राद्धे त्या पेल्यावर अडकली, त्यांना ती गंमत नव्हती.

याच १८९० च्या सुमारास मुंबईत महादेव हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याचे काम सुरू केले, असे डबेवाल्यांची परंपरा सांगते. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही, पण त्या शेजारी ठेवल्या की काळाचा पेच दिसतो. कचेरी, गिरणी, आगगाडी यांनी माणसाला घरापासून तोडले होते. पोटाचे नियम मात्र घरातच राहिले होते. डबा हा या पेचावरचा सर्वांत कुशल तोडगा ठरला. माणूस फोर्टात, घरचा स्वयंपाक गिरगावात, आणि मधले अंतर तोडणारा डबेवाला. डब्यामुळे माणूस कचेरीत एकटा बसून जेवला तरी तो घरच्याच पंगतीत राहिला. ज्याचे शहरात घर होते आणि घरात रांधणारी बाई होती, त्याची सोय झाली. ज्याचे दोन्ही नव्हते, त्याच्यासाठी खाणावळ आली.

मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतून आलेले पुरुष बहुसंख्येने होते. बायकामुले गावी, आणि येथे एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी दहा-वीस माणसे. त्यांच्या जेवणाची व्यवस्था करणाऱ्या बायका गिरणगावात घरोघर होत्या. कोणाचा नवरा वारलेला, कोणाचा व्यसनी, कोणाचा पगार अपुरा. आपल्याच चाळीतल्या खोलीत स्टोव्ह किंवा चूल पेटवून त्या कामगारांना दोन वेळचे जेवण देत आणि महिन्याच्या पगारावर पैसे घेत. दुकानदाराचे धान्य उधारीवर, कामगाराचे जेवण उधारीवर. दोन्ही उधारींच्या मधल्या बेचक्यात ती बाई. गिरणीचे भोंगे ज्या श्रमावर वाजत होते त्यात या बायकांचे श्रमही होते, पण त्यांची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नव्हती. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या खाणावळवाल्या बायकांना संघटित केले आणि बँकेच्या कर्जाचे दार त्यांच्यासाठी उघडले, तेव्हा प्रथमच 'खाणावळ चालवणे' हा व्यवसाय आहे असे कागदावर आले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने अडीच लाखांच्या आसपास कामगारांची मिळकत थांबवली. कामगार गावी परतले आणि त्यांच्यामागे खाणावळींतली ताटेही उपडी झाली.

गिरणगावातली खाणावळ जातीपासून मुक्त होती असे समजण्याचे मात्र कारण नाही. माणसे गावकीच्या आणि भाऊबंदकीच्या आधारानेच मुंबईत येत, त्याच आधाराने खोली मिळवत आणि जेवायलाही बहुधा आपल्यांतल्याच बाईकडे बसत. पुण्यामुंबईत 'ब्राह्मणाची खाणावळ', 'मराठा खाणावळ' असे जातीचे नाव फलकावर राजरोस येई. दामाने जेवण मिळू लागले, तरी दाम घेण्याआधीची चौकशी कायम होती. ती फलकाने केली जात होती, एवढाच फरक.

ही चौकशी ढिली करण्याचे काम दोन परप्रांतीय मंडळींनी केले आणि तेही समाजसुधारणेचा कोणताही दावा न करता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी आलेल्या इराणी झरतुष्ट्र्यांनी मुंबईच्या नाक्यानाक्यांवर चहाची दुकाने काढली. संगमरवरी फरशीची मेजे, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, बनमस्का आणि चहा. इराण्याला हिंदूंच्या जातींची उतरंड पाळण्यात स्वारस्य नव्हते. त्याला खुर्ची रिकामी राहू नये एवढीच काळजी. त्याच्या मेजामुळे एक नवीनच सामाजिक स्थिती निर्माण झाली: अनोळखी माणसाच्या समोर बसून, त्याच्याशी एक शब्दही न बोलता, खाणे. पंगतीत शेजारी कोण आहे हे माहीत असल्याशिवाय बसता येत नाही. इराण्याकडे समोर कोण आहे हे माहीत करून घेणे असभ्यपणाचे ठरते. पाटावरून खुर्चीवर बसण्याचा हा बदल वरवर सोयीचा वाटतो, पण आपल्या सार्वजनिक जीवनाच्या दृष्टीने तो मोठा आहे.

दुसरी मंडळी उडुपीची. माटुंग्यातले ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालचे. उडुपी हॉटेलाचा आरंभ ब्राह्मणी शुचितेच्या प्रतिष्ठेवरच झाला होता. तरीही पुढे घाऊक व्यवहाराच्या रेट्यात 'राइस प्लेट' नावाची वस्तू सर्वत्र रूढ झाली. ताट म्हटले की वाढणारा हात आणि आग्रह आलाच. प्लेट ही मोजून ठेवलेली, एका माणसापुरती पुरी असलेली गोष्ट आहे. तिच्यासाठी सोबतीची गरज नाही. पुण्यात टिळक रस्त्यावरचे बादशाही बोर्डिंग १९३२ सालचे. लक्ष्मी रस्त्यावरचे पूना गेस्ट हाऊस मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ साली काढले. बोर्डिंग, क्लब, मेस या शब्दांबरोबर नोकरदार आणि विद्यार्थी यांचे एक आयुष्य मराठी साहित्यातही आले. नेमाड्यांच्या 'कोसला'त (१९६३) पांडुरंग सांगवीकरच्या पुण्यातल्या वर्षांमध्ये वसतिगृहाच्या मेसला जागा आहे ती उगाच नव्हे. खेड्यातून आलेला मुलगा घराच्या पंगतीतून सुटतो तो आधी मेसच्या बाकावर येऊन पडतो, आणि त्याच्या एकटेपणाचा हिशेब तेथूनच सुरू होतो. अरुण कोलटकरांच्या बाबतीत तर काळा घोड्यावरच्या वेसाइड इनमधली बैठक ही कवितेचीच बैठक झाली; चहाच्या मेजावरून चौक न्याहाळण्यातून आलेल्या कविता २००४ साली संग्रहरूपाने प्रसिद्ध झाल्या. खाण्याच्या जागी एकट्याने बसून जग पाहता येते, ही सवय मराठी लेखकाला इराण्याने आणि त्याच्या भावंडांनी लावली असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

येथवरचा इतिहास शहराचा आणि सवर्णांचा झाला. त्याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हक्काचा प्रश्न उभाच राहत नाही.

१९१७ साली परदेशातून शिकून आलेले भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानाच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. एका पारशी सरायीत, रोज दीड रुपया भाडे आणि जेवणखर्च ठरवून, पारशी नाव लावून ते राहिले. ती सराय केवळ पारशांसाठी होती. वरच्या मजल्यावर दुसरा एकही प्रवासी नव्हता. अडगळीने भरलेल्या अंधाऱ्या दालनात, मिणमिणत्या दिव्याशी पुस्तक घेऊन ते रात्री काढत. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले पारशी जमले आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. एकट्याने जेवण्याचे जे चित्र इराण्याच्या मेजावर मुक्ततेचे वाटते, तेच येथे कोंडवाड्याचे आहे. दाम होता, शिक्षण होते, अधिकारपद होते. तरी चौकशी झालीच, आणि ताट काढून घेतले गेले. चौकशी करणारे या खेपेस हिंदू नव्हते, हे तर अधिकच विचार करायला लावणारे आहे. बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेत परगावी नोकरीला गेलेल्या तरुणापुढे हाच पेच उभा राहतो. बडोद्याच्या सरायीला तोवर पंचेचाळीस वर्षे उलटून गेली होती, हे कथेचे साल सांगते.

या अवस्थेवर उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात महाराष्ट्रात सहभोजने झाली. रत्नागिरीत सावरकरांनी १९३३ साली अखिल हिंदू उपाहारगृह काढले. समतानंद अनंत हरि गद्रे यांनी दलित दांपत्याच्या हातून सत्यनारायण घालून झुणका-भाकरीचा प्रसाद वाटण्याचा उपक्रम चालवला. या प्रयत्नांमागची तळमळ आणि त्यासाठी सोसलेला छळ यांचा अनादर होऊ नये. परंतु सहभोजन आणि खाणावळ यांत एक फरक आहे. सहभोजनात 'आम्ही तुमच्याबरोबर जेवत आहोत' हे जाहीर करावे लागते. म्हणजे ज्याला सन्मान द्यायचा त्याची जात त्या दिवशी सर्वांच्या तोंडी असते. ते एक दिवसाचे व्रत असते आणि व्रताचे उद्यापनही होते. भुकेल्या माणसाला रोज हवे असते ते याहून साधे आहे. आत यावे, बसावे, जेवावे, पैसे द्यावेत, जावे. त्यात कोणाच्या उदारतेचा भाग नसावा.

भारतीय राज्यघटनेने नेमकी हीच गोष्ट हेरली. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांपैकी कोणत्याही कारणावरून दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश नाकारता येणार नाही असे म्हटले आहे. राष्ट्राच्या मूलभूत हक्कांच्या यादीत उपाहारगृहाचा नामोल्लेख आहे, याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. ज्या समितीने हा मसुदा केला तिच्या अध्यक्षांनी बडोद्याची सराय पाहिली होती, हे मनात ठेवून तो खंड वाचावा. महागाव ज्या वऱ्हाडात येते त्या मध्यप्रांत-वऱ्हाडाने १९४७ सालीच दलितांच्या नागरी निर्बंधांविरुद्ध कायदा केला होता. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने उपाहारगृहातला प्रवेश नाकारणे आणि तेथील भांडी वापरू न देणे हे गुन्हे ठरवले. 'भांडी' हा शब्द कायद्यात घालावा लागला, कारण प्रवेश देऊनही कपबशी वेगळी ठेवता येते हे सर्वांना माहीत होते. कायद्यानंतरही अनेक गावांत चहाच्या हॉटेलाबाहेर ती वेगळी कपबशी टिकून राहिली; दलित आत्मकथनांची पाने तिच्या साक्षीने भरलेली आहेत.

घटनेच्या त्या खंडात 'लिंग' हाही शब्द आहे. एकट्याने जेवण्याच्या हक्काची ही सर्वांत अपुरी राहिलेली बाजू. खरे पाहता मराठी घरात नेहमी एकटी जेवत आली ती बाईच. सर्वांची पाने उठल्यावर, चुलीशी, उरलेल्यावर. तिच्या या एकट्याने जेवण्याची दखल घ्यावी असे कोणाला वाटले नाही, कारण ते घराच्या आत होते. बाहेर एकटीने जेवणाऱ्या बाईकडे मात्र सगळ्यांचे लक्ष गेले. हॉटेलांनी तिच्यासाठी 'फॅमिली रूम' काढल्या: लाकडी आडोसा, मळका पडदा, पंख्याची घरघर. नावाप्रमाणे तेथे कुटुंबानिशी यावे अशी अपेक्षा. एकटी आली तरी तिला त्या पडद्याआड कल्पित कुटुंबासह बसवायचे. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त सोवळ्याचे एकेक बंधन कसे गळत गेले ते सांगितले आहे. स्वतःशीच वाद घालून, स्वतःच्या बुद्धीला पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निर्णय केला. त्या धैर्याला शंभर वर्षे होऊन गेली. तरी तालुक्याच्या गावी नव्याने रुजू झालेली तलाठी, परिचारिका किंवा शिक्षिका खाणावळीच्या बाकावर बसून निवांत जेवण्यापेक्षा डबा खोलीवर मागवणेच पसंत करते, आणि ते तिचे वैयक्तिक लाजाळूपण आहे असे आपण समजतो. ज्या खाणावळीत बायका दिवसभर पोळ्या लाटतात, त्याच खाणावळीत बाईने गिऱ्हाईक म्हणून एकटीने बसणे अवघडल्यासारखे व्हावे, हा विरोधाभास आपल्या अंगवळणी पडला आहे.

आता पुन्हा तालुक्याच्या गावाकडे येऊ. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली; पुढच्या दशकांत एसटीचे जाळे जसे पसरले तशी गावोगावच्या स्थानकांच्या आसपास भोजनालये उभी राहिली. विदर्भात त्यांत नागपूरच्या कोष्टी समाजातून आलेल्या सावजी जेवणाच्या फलकांची भर पडली. विणकरांच्या मोहल्ल्यातल्या घरगुती चवीने पैशाच्या वाटेने सगळा प्रांत पालथा घातला, आणि आज सावजीचा रस्सा ओरपणाऱ्याला तो कोणत्या समाजाच्या चुलीवरून आला हे पाहण्याची गरज भासत नाही. हा प्रवास सहभोजनाने साधला नाही. तो तिखटाने आणि गरजेने साधला. शासनानेही अधूनमधून या व्यवहारात हात घातला. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली आणि पुढे ती बंद पडली. २६ जानेवारी २०२० रोजी, घटनेच्या अंमलाला बरोबर सत्तर वर्षे झाली त्या दिवशी, दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीचा आरंभ झाला: दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. टाळेबंदीच्या काळात तिचा दर पाच रुपयांवर आणला गेला आणि काही काळ ती विनामूल्यही दिली गेली. योजनेच्या यशापयशाचा हिशेब अर्थशास्त्र्यांनी करावा. खाणावळीच्या इतिहासाच्या दृष्टीने लक्षात घ्यायचे ते हे, की थाळीला दहा रुपये का होईना, किंमत ठेवली गेली. फुकट अन्न घेणारा याचक ठरतो. दहा रुपये देणारा गिऱ्हाईक असतो, आणि गिऱ्हाइकाला 'भाजी आज खारट आहे' असे म्हणता येते.

या सर्व विवेचनावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो टाळण्याजोगा नाही. एकट्याने जेवणे हा हक्क म्हणून मिरवण्यासारखी गोष्ट आहे काय? बदलीच्या गावी रोज त्याच बाकावर पोळी मोडणाऱ्या माणसाला स्वातंत्र्याचा आनंद होत असेल, की घरच्यांची आठवण येत असेल? आक्षेप रास्त आहे. गिरणगावातला कामगार हौसेने एकटा नव्हता, आणि कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातून कामाच्या शोधात बाहेर पडणारा आजचा तरुणही नसतो. पण एकटेपणा खाणावळीने निर्माण केलेला नाही. तो गिरणीने, नोकरीने, दुष्काळाने निर्माण केला. खाणावळीने एवढेच केले की अशा माणसाला रोज एक जागा दिली, आणि त्या जागेसाठी त्याच्याकडून त्याचे कूळ मागितले नाही.

चांगली खाणावळ ओळखायची कशी, याचे उत्तर म्हणूनच पदार्थांच्या यादीत सापडणार नाही. भाकर गरम असावी, वरण पातळ नसावे, ठेच्याला धार असावी, हे सारे आलेच. त्यापलीकडे या इतिहासाने दिलेल्या दोन कसोट्या आहेत. तेथे एकट्या गिऱ्हाइकाला चौघांचे मेज अडवल्याबद्दल अपराधी वाटू नये. आणि तेथे कोणीही, म्हणजे फाटक्या धोतराचा शेतकरी, पाड्यावरून आलेला विद्यार्थी, नव्याने रुजू झालेली परिचारिका, दारात क्षणभर न घुटमळता आत शिरू शकावे. काही खाणावळी याहूनही पुढे जातात. आत येणाऱ्याला त्या काही विचारत नाहीत. पण नेहमीचा माणूस चार दिवस आला नाही तर पाचव्या दिवशी 'बरे होते ना?' एवढे विचारतात. गिरणगावातल्या त्या बायकांना हे जमत असे. जातीची चौकशी आणि जिवाची चौकशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

महामार्गांवर आता उपाहारगृहांची नवी पिढी येत आहे. त्यांत गाड्यांसाठी प्रशस्त जागा आहे, कुटुंबासाठी मोठी मेजे आहेत. एकट्या माणसासाठी भिंतीकडचे लहान मेज त्यांत असेल का, आणि त्या मेजावर एकटी बाई जेवत बसली तर वाढणारा पोऱ्या तिला 'आणखी कोणी येणार आहे का?' असे विचारेल का, यावर पुढचा इतिहास बराचसा अवलंबून आहे.